बांधण्याआधी
मुळशीतून येरवड्याच्या मनोरुग्णालयात माणूस न्यायचा म्हटलं, की नातेवाईक मला दबक्या आवाजात विचारतात, ‘तिथं बांधून ठेवतील का हो?’ २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. साखळदंड कधीच नाहीत, एकांतकोठडीही नाही. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तरच उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतंच बांधता येतं. रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची अट: कर्मचारी कमी आहेत, एवढ्याच कारणानं बांधता येत नाही. क्षोभ वाढताना ओळखून शेजारी बसणारं, शांतपणे बोलणारं कुणी असलं, तर दोरीची वेळ अनेकदा टळते. म्हणून नातेवाइकांनी आणखी एक प्रश्न विचारावा: रात्री वॉर्डात किती जण असतात?