शाळेतला संगणक कक्ष (लेखांक ५) : यंत्रे दहा, मुले साठ

मागच्या आठवड्यात आपण कक्षाची मांडणी पाहिली. यंत्रे भिंतींना लागून ठेवली आणि स्क्रीन आतल्या बाजूला वळवल्या, की मध्ये उभ्या राहिलेल्या शिक्षकाला सगळ्यांचे काम एका नजरेत दिसते. आता मूळ अडचणीकडे येऊ. वर्गाचा पट साठ आणि चालू यंत्रे दहा, तर तास घ्यायचा कसा?

ही ओढाताण जुनीच आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे संगणक निवडक शाळांत आले, तेव्हाही मुले जास्त आणि यंत्रे कमीच होती. अशा वेळी एका यंत्रापुढे सहा जण बसवले जातात. माऊस एकाच्या हातात असतो आणि तो बहुधा दर आठवड्याला त्याच्याच हातात असतो. मागच्या रांगेतल्या मुली टाचा उंचावून बघतात, थोड्या वेळाने बघणेही सोडतात. वर्षाअखेरीस हजेरीपटावर सगळ्यांचे तास भरलेले असतात. कीबोर्डला हात मात्र मोजक्यांचाच लागलेला असतो. कक्षातल्या तासाचे टाचण करताना म्हणून एकच कसोटी लावावी : आज प्रत्येक मुलाचा हात कीबोर्डवर किती मिनिटे असेल?

हिशोब मांडून पाहू. मुख्याध्यापकांना सांगून आठवड्यातल्या दोन सुट्या तासिकांची एक जोडतासिका करून घ्या. पहिल्या पस्तीस मिनिटांत तीस मुले कक्षात आणि तीस बाहेर. दुसऱ्या तासिकेत अदलाबदल. आता एका यंत्रावर तिघे आले. चपला काढून जागेवर बसायला पाच मिनिटे, काम समजावायला तीन, आवरायला सहा. उरली एकवीस, म्हणजे प्रत्येकाला सात. सात मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण सहा जणांच्या घोळक्यात बसणाऱ्या मुलाला एरवी सातसुद्धा मिळत नाहीत.

तिघांना तीन कामे द्यायची. चालकाच्या हातात कीबोर्ड आणि माऊस. वाटाड्या पुढची पायरी तोंडाने सांगणार. माऊसला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळायचा. नोंदकर्ता काय केले आणि कुठे अडले ते वहीत लिहिणार. सात मिनिटांनी घंटी वाजली की तिघेही एकेक जागा सरकणार. वाटाड्याचे काम मुलांना सर्वांत जड जाते, कारण मनातले नेमक्या शब्दांत सांगावे लागते. शिकणे सर्वांत जास्त तिथेच होते.

मग बाहेरची तीस मुले काय करतील? त्यांना नुसते बसवून ठेवले तर सगळी योजना कोसळते. आठवीच्या वर्गाचे एक उदाहरण घेऊ. कक्षात स्क्रॅचमध्ये चौकोन आणि त्रिकोण काढायचा आहे. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने मुलांसाठी खुले केले. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्याची मुळे लोगो या भाषेत आहेत. १९६७ मध्ये ती घडवणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, मुलांना सांगत की लोगोतले रेघ काढणारे कासव कसे वळेल ते कळत नसेल तर स्वतः कासव व्हा आणि चालून बघा.

तेच बाहेर, पटांगणात करायचे. एक जण कासव होतो, बाकीचे सूचना देतात : पाच पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा. खडूने रेघ मागे उमटत जाते आणि चौकोन पुरा होतो. मग समभुज त्रिकोणाची पाळी. कोन साठ अंशांचा, हे मुलांना पाठ असते. म्हणून ती बिनदिक्कत ‘साठ अंश वळ’ म्हणतात. कासव चालू लागते आणि त्रिकोण काही मिटत नाही. दोनतीन प्रयत्नांनंतर कोणीतरी ओरडते की अजून जास्त वळायला हवे. साठ हा आकृतीच्या आतला कोन. कासवाने वळायचा तो बाहेरचा, एकशेवीस अंशांचा. तीन वळणांत पूर्ण फेरी, म्हणजे तीनशेसाठ. पायांनी हे शोधलेली मुले कक्षात येतात तेव्हा त्यांच्या सात मिनिटांचे सोने होते. आधी कक्षात गेलेली मुले नोंदकर्त्याच्या वहीतला अडलेला प्रश्न घेऊन पटांगणात येतात. त्यांनाही तो तिथे सुटतो. धडा भूमितीचाही असल्याने गणिताच्या शिक्षकांना बाहेरची बाजू सांभाळायची विनंती करा. ते शक्य नसेल, तर कक्षाच्या दारासमोरचा व्हरांडाही पुरतो.

शिस्तीसाठी आरडाओरडा लागत नाही, ठरलेल्या सवयी लागतात. अडचण आली की स्क्रीनवर लाल कागद लावायचा आणि काम चालू ठेवायचे. आधी आपल्या तिघांत, मग शेजारच्या यंत्रावर, मग शिक्षकांना विचारायचे. ‘हात मांडीवर’ म्हटले की सगळ्यांनी थांबायचे. फाइलला इयत्ता, तुकडी आणि यंत्राचा क्रमांक असे नाव द्यायचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात शोधाशोध होत नाही. वीज गेली तर यूपीएसचा दम थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात फक्त काम सेव्ह करायचे, यंत्र बंद करायचे आणि पटांगणातल्या गटाला जाऊन मिळायचे. हा पर्याय टाचणात आधीच लिहून ठेवावा.

यंत्रे वाढावीत ही मागणी आपण करत राहूच, ती रास्त आहे. पण नवी यंत्रे येईपर्यंत आजच्या आठवीतली मुले शाळा सोडून गेलेली असतील. म्हणून या आठवड्यात एकाच तुकडीवर हे करून बघा, आणि तास संपल्यावर वर्गाला विचारा : आज कोणाचा हात कीबोर्डला लागला नाही? एकही हात वर झाला नाही, तर तुमचे टाचण बरोबर होते.