पाटी कुणीही लावावी काय?

नवागाम हे नाव सुरतेबाहेर फार थोड्यांनी ऐकले असेल. तथापि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूंनी ताप्ती मार्गाच्या गाडीत बसून पोटासाठी सुरतेस आलेल्या खानदेशी कुटुंबांना नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना ही नावे आपल्या मूळ गावाइतकीच जवळची आहेत. यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा, हिऱ्याच्या घंटीवर मान मोडून बसणारा, घरच्या घरी साड्यांवर टिकल्या लावणारा हा वर्ग अंग दुखले तर डॉक्टरकडे जातो. मन दुखले तर कुठे जावे, हे त्याला कुणी सांगितलेले नाही. हिरेबाजारातील मंदीने रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा २०२४ साली मदतीचा दूरध्वनी सुरू करण्याचे काम अखेर कामगारांच्या संघटनेलाच अंगावर घ्यावे लागले.

अशा वस्तीतील एखादा मुलगा झोप गमावून बसला, कामावर जाईनासा झाला, तर त्याचे आईबाप प्रथम भगताचा उंबरठा झिजवतात हे खरे आहे. परंतु आता चित्र पालटते आहे. शिकलेली बहीण किंवा शाळेतील मास्तर सांगतात, ‘अहो, समुपदेशकाकडे न्या.’ आणि पाटी शोधू गेल्यास पाटी सापडतेही. प्रश्न त्या पाटीचाच आहे. टेम्पो चालवावयाचा तर परवाना लागतो. औषधांचे दुकान काढावयाचे तर तेथे नोंदणीकृत औषधनिर्माता बसवावा लागतो. परंतु दुसऱ्याच्या मनाची गाठ सोडवून देतो असे सांगून तासाला हजार रुपये घेणाऱ्यास ‘समुपदेशक’ ही पाटी लावताना कुणाचीही अनुमती घ्यावी लागत नाही. आठ दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की काम भागते!

कायदा मुळीच नाही असे मात्र नाही. इंग्रजांचा १९१२ चा ‘वेड्यांचा कायदा’ स्वराज्यातही चाळीस वर्षे चालला आणि १९८७ साली त्याच्या जागी दुसरा आला. त्यात परवान्याची तरतूद होती. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे परवाना नसलेल्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने जखडलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. परवान्याचा कायदा कागदावर असणे आणि परवाना तपासणारा माणूस दारात उभा असणे, यांतील अंतर त्या अठ्ठावीस जणांनी प्राण देऊन मोजले.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. वस्तुतः हा कायदा चांगला आहे. प्रत्येक राज्यात मानसिक आरोग्य प्राधिकरण असावे, त्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते यांची नोंदणी करावी, आणि ती यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी, असे त्याचे ५५ वे कलम सांगते. आपल्या विद्येच्या मर्यादेबाहेरचे औषध वा उपचार कुणी सुचवू नये, असे १०६ वे कलम बजावते. नोंदणीवाचून रुग्णालय चालविणाऱ्यास पहिल्या खेपेस पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. यादी प्रसिद्ध करावयाची ती रुग्णाच्या नातलगांसाठी. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या राज्याची अशी यादी डोळ्यांनी पाहिली आहे? पाहणे राहोच, अशी यादी असते हे तरी कितींना ठाऊक आहे?

त्यात आणखी एक गंमत, हिला गंमत म्हणावे की विटंबना हे वाचकांनीच ठरवावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कुणाला म्हणावे, याची व्याख्या करताना कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या शिक्षणाचा, आणि विशेषकरून दोन वर्षांच्या एम.फिल. पदवीचा आधार घेतला. इकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. मग चूक ध्यानी येऊन या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून देण्यात आली. एका खात्याने ज्या खुंटीला परवाना टांगला, तीच खुंटी दुसऱ्याने उपटावी, असा हा कारभार आहे.

आणि समुपदेशकाचे काय? त्याला २०१७ च्या कायद्यात नावही नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इतर मानसशास्त्रज्ञ व काही प्रकारचे समुपदेशक यांना जागा मिळाली आणि राज्याराज्यांत परिषदा स्थापण्याचे ठरले. परिषदा मात्र होईनात. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. निर्देश स्तुत्य आहे. परंतु ‘पात्र’ कोण हे सांगणारी नोंदवही हाताशी नसता हजारो शाळा आणि शिकवणीवर्ग माणसे आणणार कुठून? जो स्वस्तात मिळेल तो आणतील, आणि नेमणूक झाल्याची नोंद करून मोकळे होतील.

परवाना फार कडक केला तर आहेत तेवढी माणसेही कमी होतील, असा एक आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत गुजरातसह बारा राज्ये होती. निरनिराळ्या मनोविकारांत शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असे तिला आढळले. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. अशा देशात हजारो रुपयांची फी आणि दूरच्या शहरातली परीक्षा हीच परवान्याची अट झाली, तर नवागामच्या वाट्याला कुणीच येणार नाही. अमेरिकेतही हे एका दिवसात घडले नाही. समुपदेशकांना परवाना देणारे पहिले राज्य व्हर्जिनिया, १९७६ साली. शेवटचे कॅलिफोर्निया, २००९ साली. इंग्लंडात तर ‘समुपदेशक’ ही उपाधी अद्याप कुणीही लावू शकतो, मात्र ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही उपाधी नोंदणीवाचून लावणे गुन्हा आहे.

आमच्या मते रेघ ओढावयाची ती येथेच. दुःखिताचे ऐकून घेणे हे कुणा एका व्यवसायाचे वतन नव्हे. शेजारीण ऐकते, मास्तर ऐकतात, गावचा कीर्तनकारही ऐकतो. त्यांना सरकारने परवाने विचारू नयेत. परंतु जो शुल्क घेतो, आजाराचे नाव सांगतो, आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करावयास लावतो, त्याची नोंद झालीच पाहिजे. दुभंगलेल्या मनाच्या रुग्णाची औषधे अशा सल्ल्याने अचानक थांबली, की आजार उलटतो आणि सावरलेले घर पुन्हा विस्कटते. अशा वेळी तक्रार करावयाची कुणाकडे? डॉक्टरविरुद्ध वैद्यक परिषद आहे, वकिलाविरुद्ध बार कौन्सिल आहे. नोंदच नसलेल्या माणसाला कोणत्या वहीतून काढून टाकणार?

गुजरात सरकारने २०२४ साली काळ्या जादूविरुद्ध कायदा केला, महाराष्ट्राने तो २०१३ मध्येच केला होता. भगताकडे जाऊ नका असे सांगणाऱ्या सरकारांवर, मग कुणाकडे जावे हे सांगण्याचीही जबाबदारी येते. दोन्ही राज्यांच्या प्राधिकरणांनी नोंदणीकृत तज्ज्ञांची यादी जिल्हावार छापावी. तीत नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, बसण्याची वेळ आणि तक्रारीचा पत्ता असावा. ती केवळ संगणकावर न ठेवता प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी, आणि सुरतेसारख्या शहरात गुजरातीबरोबर मराठीत व हिंदीतही लावावी. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तोही त्याच कागदावर ठळक छापावा. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. त्या शाळांतील मुलांच्या हाती हा कागद दिला, तर नवागामच्या घराघरांत तो एका दिवसात पोहोचेल.