चव्वेचाळीस अधिक अकरा

“समोर व्हा नं बाप्पा, मंदात जागाच जागा हाये!” बडनेऱ्याला वाहकाची ही हाक ऐकू आली की आम्ही सगळे आणखी दाटून उभे राहतो. मी मूर्तिजापूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि अमरावतीहून एसटीने ये-जा करते. लालपरीत लिहिलेला ‘४४ अधिक ११ उभे’ हा आकडा माझ्या विषयातला आहे, म्हणून त्याबद्दल सांगावंसं वाटतं.

ब्रेक, टायर, कमानपाटे हे सगळं ठरावीक वजन धरून बसवलेलं असतं. पंचवीस माणसं जास्तीची चढली की दीड टनाचा भार वाढतो. गाडी थांबवताना त्या भाराची सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत जिरवावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ साली ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून विश्वविक्रम झाला. चांगल्या रस्त्यावर गाड्या वेग घेणारच. शिवाय उभ्या माणसांचं वजन उंचावर असतं, त्यामुळे वळणावर गाडी लवकर कलते. चिखलदऱ्याच्या घाटात हे अंगाला जाणवतं.

बस उलटली तर काय, याचीही चाचणी असते. गाडी ८०० मिलिमीटर उंचीवरून कुशीवर पाडतात. खांब आणि छत वाकले तरी आसनांभोवतीची जागा चेपता कामा नये, असा नियम. एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत अ‍ॅल्युमिनियम सोडून पोलादी सांगाडे बांधायला घेतले, ते याच मजबुतीसाठी. पण सांगाडा जपतो ती आसनांभोवतीची जागा. मधल्या वाटेत उभा असलेला माणूस धडकेच्या क्षणी गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्याला आधार फक्त हातातल्या दांड्याचा.

गर्दी नसली म्हणजे सगळं निभावतं, असंही नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. तीत तेहतीसच माणसं होती, तरी २५ जण गेले. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि दार खाली दबलं. काच फोडता आली ते वाचले. तेव्हापासून बसमध्ये शिरले की मी आधी ‘संकटकालीन मार्ग’ कुठे आहे ते पाहते, विद्यार्थ्यांनाही पाहायला लावते. त्या दाराशी पोती, बॅगा रचू देत नाही.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतरच्या गर्दीचा दोष कोणी बायकांना देऊ लागलं की मला राग येतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली या सवलतीवर शिकताहेत. त्यांनी घरी बसायचं नाही आणि दारात लोंबकळायचंही नाही. सकाळी कॉलेजच्या वेळेला आणि संध्याकाळी पाचनंतर बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला मार्गावर जादा फेऱ्या हव्यात. पंचावन्नांच्या वर किती माणसं चढतात, हे वाहकाच्या तिकीट यंत्रात रोज नोंदलेलं असतं. फेऱ्या ठरवताना तीच नोंद समोर ठेवावी.