थांबलंय कोण, ते आधी ठरवा

‘काळ, काम, वेग’ या प्रकरणात मुलं अडतात ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. खांब ओलांडणारी गाडी जमते, फलाट ओलांडणारीही जमते. रुळांच्या कडेने माणूस चालू लागला की वेगांची बेरीज करायची की वजाबाकी, इथे गोंधळ होतो. शिष्यवृत्तीपासून रेल्वे भरतीपर्यंत ही उदाहरणं हमखास येतात आणि प्रत्येक प्रकाराचं वेगळं सूत्र पाठ केलं जातं. खरं तर या सगळ्यांच्या मुळाशी एकच निर्णय आहे: स्थिर कोणाला मानायचं?

हा विचार रेल्वेपेक्षा फार जुना. इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने दोन गतिमान गोष्टींच्या भेटीचा नियम दिला आहे. विरुद्ध दिशेने जात असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागावं, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. ग्रहांच्या युतीचा काळ काढायला हाच नियम लागतो. युरोपात मध्ययुगीन विद्वान ॲल्क्विनच्या नावावर असलेल्या कोड्यांच्या जुन्या संग्रहात कुत्रा आणि ससा भेटतात. ससा १५० फूट पुढे, त्याची उडी ७ फुटांची, कुत्र्याची ९ फुटांची. दर उडीला अंतर २ फुटांनी घटतं, म्हणून ७५ उड्यांत ससा सापडतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, तिने आपल्याला या गणिताचं नवं पात्र दिलं. ग्रह आणि ससा हिशेबात नुसते बिंदू असतात. गाडीला लांबी असते. ‘ओलांडणं’ म्हणजे इंजिन समोर आल्यापासून शेवटचा डबा निघून जाईपर्यंत. एक उदाहरण सावकाश सोडवू.

रुळांच्या कडेने दोघे ताशी ६ किमी वेगाने चालले आहेत. एक गाडीच्या दिशेने, दुसरा समोरून. गाडी पहिल्याला १५ सेकंदांत ओलांडते, दुसऱ्याला १२ सेकंदांत. गाडीचा वेग आणि लांबी काढा.

आधी चालणाऱ्यांच्या जागी उभे राहा. दोघांसमोरून जाणारी लांबी तीच, वेळांचं गुणोत्तर ५:४. म्हणजे दोघांना जाणवणाऱ्या वेगांचं गुणोत्तर ४:५. पहिल्याला गाडी ६ ने मंद वाटते, दुसऱ्याला ६ ने वेगवान. फरक १२, तोच एक भाग. म्हणून ते वेग ४८ आणि ६०, आणि गाडीचा खरा वेग ताशी ५४ किमी. ४८ ला ५/१८ ने गुणून, म्हणजे सेकंदाला मीटरमध्ये आणून, १५ ने गुणलं की लांबी २०० मीटर.

आता जमिनीवर उभे राहून ताळा घ्या. १५ सेकंदांत गाडी २२५ मीटर गेली, पहिला माणूस २५ मीटर, उरले २००. १२ सेकंदांत गाडी १८० मीटर आली, समोरचा माणूस २० मीटर. मिळून पुन्हा २००. जागा बदलली तरी उत्तर बदललं नाही.

दोन गाड्यांच्या उदाहरणांतही चूक इथेच होते. याच गाडीसमोरून २४० मीटर लांबीची गाडी ताशी ९० किमी वेगाने आली, तर सापेक्ष वेग १४४ किमी, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. दोन्ही गाड्या एकमेकींना पूर्ण ओलांडायला ४४० मीटर, ११ सेकंद. पण आपल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला समोरची गाडी ६ सेकंदच दिसते, कारण त्याच्या नजरेसमोरून फक्त २४० मीटर जातात. ‘लांब्यांची बेरीज करा’ एवढंच पाठ असलेला मुलगा इथे ११ लिहून येतो.

लोकलचंही तसंच. समोरून दर १० मिनिटांनी गाड्या सुटत असतील आणि आपलीही त्याच वेगाने जात असेल, तर आपल्याला दर ५ मिनिटांनी एक भेटते.

आइन्स्टाईनने १९०५ मध्ये सापेक्षतेचा सिद्धांत मांडला, तेव्हा या साध्या बेरजेला मर्यादा असल्याचं दिसलं. प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगांची अशी बेरीज चालत नाही. आगगाडीच्या वेगाला मात्र फरक नगण्य. तरी सिद्धांत समजावताना त्याने घेतली ती गाडी आणि रुळांचा बांधच, कारण तिथेही पहिला प्रश्न निरीक्षक कुठे उभा आहे हाच होता.

म्हणून वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना विचारावं, ‘तू कुठे उभा आहेस? तुझ्यासमोरून किती लांबी जाते?’ आणि प्रत्येक उदाहरण दोन जागांवरून सोडवून घ्यावं. दोन्हीकडून उत्तर जुळलं की आपलं बरोबर आहे हे मुलाला स्वतःलाच कळतं, त्यासाठी पुस्तकाची मागची पानं उलटावी लागत नाहीत.