पंचवीस टक्के, दर खेपेला

सिकलसेलचा रिपोर्ट हातात पडला की सासू आधी सुनेकडे बघते. ‘आमच्या घरात त कोनालेच नाही, मॅडम!’ विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी सारखं ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण मूल ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त, निघालं असेल तर तो आजार एकट्या आईकडून आलेला नसतो. बापाचाही त्यात तेवढाच वाटा असतो.

आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. प्रत्येक जनुकाची गुणसूत्रावर जागा ठरलेली असते. हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवणारं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. हे गुणसूत्र सुमारे साडेतेरा कोटी डीएनए-अक्षरांचं. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त एक बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहिली तर काही वेगळं दिसणारही नाही. पण त्या एका अक्षरामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने हे १९५७ साली दाखवलं. ऑक्सिजन सुटला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब काड्या होतात, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हातपाय, पाठ, पोट असं दुखतं की धडधाकट पोरगं रात्रभर विव्हळतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे.

ज्याच्या एका गुणसूत्रावर चांगलं जनुक आणि दुसऱ्यावर बदललेलं, तो ‘एएस’, वाहक. त्याला सहसा काहीच त्रास नसतो. उलट गंभीर मलेरियापासून त्याला थोडं संरक्षण मिळतं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकून राहिलं ते यामुळेच. शेतात राबणारा, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला माणूसही वाहक असू शकतो. सासूबाई खोटं बोलत नसतात. त्यांच्या घरात आजारी कोणी खरंच नसतं.

माझ्या टेबलावर चार चिंचोके असतात, दोन सालीसकट तपकिरी, दोन साल काढलेले पांढरे. नवऱ्याच्या मुठीत एक तपकिरी, एक पांढरा देते, बायकोच्याही तसेच. पांढरा म्हणजे सिकलसेलचं जनुक. मग दोघांना न बघता एकेक काढायला सांगते. दोन्ही पांढरे आले तर मूल एसएस, एकच आला तर वाहक, दोन्ही तपकिरी तर मुलात ते जनुकच नाही. पहिला डाव झाला की चिंचोके परत मुठीत ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. इथे जोडपी थबकतात. कारण बहुतेकांनी ‘चारात एक’ याचा अर्थ ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा धरलेला असतो. तसं नाही. पहिल्या खेपेला काय झालं याची दुसऱ्या खेपेला नोंद नसते. प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के एसएस, पन्नास टक्के वाहक, पंचवीस टक्के पूर्ण मोकळं. एका घरात तिन्ही लेकरं एसएस असतात, दुसऱ्या घरात एकही नसतं, आणि दोन्ही घरचे आईबाप सारखेच वाहक.

आणखी एक समज मला खोडावा लागतो: ‘पोरगा बापावर गेला, मग आजारही बापाचाच.’ नाकडोळे, उंची, रंग ही अनेक जनुकांची करणी. त्यावरून ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर काय आलं ते कळत नाही. हे गुणसूत्र मुलगा-मुलगी ठरवणारंही नाही, म्हणून दोघांनाही शक्यता सारखीच.

एसएस मुलाला हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार मिळाले तर त्याचं दुखणं पुष्कळ कमी करता येतं. पण मला जास्त तळमळ आहे ती लग्नाआधीच्या तपासणीची. पत्रिका जुळवायला वेळ असतो, रक्त तपासायला नसतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल इथे सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्याचा लाभ घ्या. वाहक मुलीला नकार देण्याचं काही कारण नाही. नवरा वाहक किंवा ग्रस्त नसेल तर त्यांचं एकही मूल एसएस होणार नाही. प्रश्न दोघंही वाहक किंवा ग्रस्त असल्यावरच येतो, आणि त्या जोडप्याने समुपदेशकाशी जरूर बोलावं. दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणीही करता येते. एक मात्र लक्षात ठेवा: सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की ग्रस्त हे त्यातून कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट मागून घ्या, आणि तो मुलीचाच नव्हे, मुलाचाही.