मोटर एक, पाय दोन

घरी बनवायच्या चालत्या रोबोटला एक मोटर, दोन पाय आणि मागे एक टेकू एवढे पुरते. मोटर पिवळी, गिअरवाली, दोन्ही बाजूंना दांडा असलेली घ्यावी. दांड्याच्या टोकांवर जाड पुठ्ठ्याच्या चकत्या बसवून प्रत्येकीला केंद्रापासून एक सेंटिमीटरवर भोक पाडावे. डावे भोक वर असेल तेव्हा उजवे खाली हवे. आइसक्रीमची काडी मधोमध या भोकाशी सैलसर जोडून तिचे वरचे टोक दांड्याच्या चार सेंटिमीटर वर, मोटर बसवलेल्या खोक्यावर चिकटवलेल्या तारेच्या कड्यात ओवावे. चकती फिरली की काडीचे खालचे टोक लंबगोलात फिरते: वरून पुढे, खालून मागे. खालच्या फेरीत काडीचा हा पाय जमिनीला मागे रेटतो आणि रोबोट पुढे सरकतो.

एक पाय हवेत असताना तोल सांभाळते ती तिपाई: टेकलेला पाय आणि रुंद टेकूची दोन टोके. भार या तिपाईच्या आत पडावा म्हणून सेल मोटरच्या मागे ठेवावेत. पायांना रबरबँड गुंडाळावा, टेकू मात्र गुळगुळीत असावा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टाळावी, मोटरला लागणारा प्रवाह तिला झेपत नाही. चार पेन्सिल सेल बरे.

हा रोबोट प्रत्येक पावलाला वरखाली होतो, कारण लंबगोलाचा तळ वक्र असतो. तो जवळजवळ सरळ करणारी दांड्यांची जुळणी रशियन गणिती पाफनुती चेबिशेव्ह यांनी शोधली. त्यांचे चार पायांचे चालते यंत्र 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले. चेबिशेव्ह यांचे नाव मूळ संख्यांसाठी घेतले जाते, पण त्यांच्या नावाच्या प्रसिद्ध बहुपदी जन्मल्या त्या वाफेच्या इंजिनातल्या दांड्यांची चाल किती सरळ करता येईल, या कारखानी प्रश्नातून. गणिताच्या वर्गात हे क्वचितच सांगितले जाते!

मोटरही वगळता येते. कॅनडात टॅड मॅकगिअर यांनी 1990 मध्ये दाखवले, की नीट बेतलेले पाय हलक्या उतारावर केवळ गुरुत्वाकर्षणाने चालतात. कॉर्नेल विद्यापीठात हेच तत्त्व पुढे नेऊन छोट्या मोटरीवर सपाट जमिनीवर चालणारा दोन पायांचा रोबोट तयार झाला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्याला वजनाच्या मानाने माणसाइतकीच ऊर्जा लागत होती. होंडाच्या गाजलेल्या असिमो रोबोटला किमान दहापट. त्याआधी, 1998 मध्ये, कॉर्नेलमध्येच मुलांच्या जोडखेळण्यांच्या तुकड्यांपासून केलेले एक दुपायी खेळणे उतारावर डुलत चालत असे. स्थिर उभे राहणे मात्र त्याला जमत नसे.