यंत्रातील तेल स्वच्छ ठेवा
(ट्रॅक्टर व ऊस तोडणी यंत्रधारक सभासदांसाठी)



जुलै २०१९ मध्ये मुंबईहून आपल्या कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. पुढे काही दिवसांतच कृष्णा-पंचगंगेने आपल्याकडे काय केले ते सांगायला नको. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा कारखानदारीचा पट्टा. तिथे पुराचे पाणी शिरले की धोका असतो प्रेसच्या तेलटाकीला, आपल्याकडे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला. पाणी उतरल्यावर "बघू तरी चालू होतोय का" म्हणून स्टार्टर मारू नये. आधी बॅटरी सोडवावी. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल खालच्या बुचातून काढावे, फिल्टर बदलावेत. नवे तेल घालून थोडा वेळ चालवावे आणि तेही पुन्हा काढून टाकावे. दोनदा तेल घालणे जिवावर येते खरे, पण बेअरिंग आणि पंपाच्या बिलापुढे ते काहीच नाही.

पण पूर काही दरवर्षी येत नाही. अंगणातला बॅरल मात्र दर पावसाळ्यात पाणी पितो. उभ्या बॅरलच्या काठाआत पावसाचे पाणी साचते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झाली की आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट असले तरी! म्हणून बॅरल छपराखाली, दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवावा. दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी यावीत. आतून तेलाचा दाब राहतो, हवा-पाणी शिरत नाही.

तेलात पाणी आहे का, हे घरच्या घरी कळते. पारदर्शक बाटलीत थोडे तेल घेऊन रात्रभर ठेवा. ताकासारखे गढूळ दिसले किंवा तळाला पाणी बसले तर ते तेल वापरू नका. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दोन थेंब टाकले आणि फोडणीसारखे तडतडले, तरी पाणीच. (हे करताना जाळापासून लांब रहा, तोंड जवळ नेऊ नका.)

धुळीचे दुखणे वेगळे, कारण ती दिसत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, चाळीसच्या खालचे डोळ्याला दिसत नाही, आणि हायड्रॉलिक पंपातल्या फटी पाच-दहा मायक्रॉनच्या! फटीएवढाच कण सर्वात वाईट. तो आत अडकून धातू खरवडतो, त्या चुऱ्याचे आणखी कण होतात. मग भरलेली ट्रॉली उचलेना झाली की आपण तेलाच्या कंपनीला नावे ठेवतो, आणि नरसाळे मात्र गोठ्यात उघडे टांगलेले असते. कापडाने गाळून भागत नाही, उलट कापडाचे धागे आत जातात. झाकणाचा स्वच्छ कॅन आणि वेगळे नरसाळे फक्त तेलासाठीच ठेवा. टोपण उघडण्याआधी भोवतालची माती पुसा. सीलबंद बॅरलमधले नवे तेलही हायड्रॉलिकसाठी पुरेसे स्वच्छ असतेच असे नाही, ते फिल्टर लावलेल्या पंपानेच भरावे.

तोडणी यंत्रात तर चाकापासून पात्यापर्यंत बहुतेक सारे तेलाच्या दाबावर चालते आणि काम असते पाचट-धुळीत. ऐन हंगामात ते फडात बसले की तोडलेला ऊस वाळतो. काट्यावर वजन घटते ते तुमचेच. गव्हाणीपुढे गाड्या खोळंबल्या तरी तेच. म्हणून आपल्या मिलच्या वरच्या रोलवर दाब देणाऱ्या तेलालाही हाच नियम लागू आहे.

शेवटची एक गोष्ट गॅरेजवालेही कधी कधी टाळतात. पंप जळाला तर नुसता पंप बदलू नका. जुन्याचा चुरा टाकी, होजपाईप आणि कूलरमध्ये पसरलेला असतो. ते सगळे धुऊन, फिल्टर बदलून मगच नवा पंप बसवून घ्या, आणि धुताना समोर उभे रहा.

— ऊस विकास अधिकारी